इंजिनाचा हिशेब

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथल्या चौकात रोज तासन्‌तास अडकून पडणाऱ्या आयटीवाल्यांपैकी बऱ्याच जणांच्या गावीही नसते. त्यांच्या लेखी मुळशी म्हणजे पावसाळ्यातला ताम्हिणी घाट आणि धरणाच्या कडेला काढलेले फोटो. पण सातबारा उघडला की हिंजवडी, माण, मारुंजी ही सगळी मुळशीचीच गावे निघतात. याच हिंजवडीत ‘दसॉ सिस्टिम्स’ या फ्रेंच कंपनीची सॉफ्टवेअर घडवणारी मोठी प्रयोगशाळा आहे. दसॉ हे नाव आपल्याकडे राफेलमुळे घरोघरी पोहोचले. विमान बनवणारी कंपनी वेगळी आणि हिंजवडीतली सॉफ्टवेअर कंपनी वेगळी, पण दोघींचे कूळ एकच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विमानाचे वळणदार पृष्ठभाग संगणकावर रेखाटता यावेत म्हणून दसॉच्या विमान कारखान्यात एक आज्ञावली लिहिली गेली. १९८१ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली. त्या आज्ञावलीचे नाव कॅटिया. राफेलचे आरेखन कॅटियावर झाले, आणि कॅटियाच्या घराण्यातल्या सॉफ्टवेअरचे काम आज मुळशी तालुक्यात चालते.

यावरून ‘राफेलचा जन्म मुळशीत’ असा मथळा कोणी करू नये. उलट मला यात दिसते ती आपली खरी अडचण. विमान ज्या हत्याराने आखले जाते ते हत्यार घडवणारे हात आपल्याकडे आहेत. ते विमान विकत घेण्याइतका पैसाही आपण उभा करतो. पण आखलेले विमान आपले नसते. लढाऊ विमानांच्या किमतीवरून आपल्याकडे जितका वाद झाला, त्याच्या दहाव्या हिश्शानेही या मधल्या पोकळीवर झालेला नाही.

आधी किमतीचेच पाहू. २३ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्लीत भारताचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि फ्रान्सचे संरक्षणमंत्री झाँ-इव्ह ल द्रियाँ यांनी ३६ राफेल विमानांच्या करारावर सह्या केल्या. रक्कम ७८७ कोटी युरो, तेव्हाच्या भावाने सुमारे ५९,००० कोटी रुपये. ३६ ने भागले की एका विमानाला १,६४० कोटींच्या आसपास रक्कम येते. हाच भागाकार पुढची तीन वर्षे संसदेत, सर्वोच्च न्यायालयात आणि प्रचारसभांत गाजला. एका बाजूने आधीच्या सरकारच्या काळातला आकडा पुढे केला जाई, दुसरी बाजू सांगे की तो आकडा नुसत्या सांगाड्याचा होता. दोघेही भागाकारच करत होते.

हा भागाकारच फसवा आहे. त्या वेळी वृत्तपत्रांत करारातल्या रकमेची जी फोड प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार नुसत्या विमानांचा वाटा निम्म्याहून कमी होता. बाकी पैसा गेला सुट्या भागांवर आणि तळांवरच्या सोयींवर, मिटिऑर आणि स्काल्पसारख्या क्षेपणास्त्रांवर, भारताने खास मागितलेल्या तेरा बदलांवर आणि देखभालीच्या हमीवर. लेहसारख्या उंच आणि थंड धावपट्टीवर इंजिन सुरू व्हावे, ही त्या तेरा बदलांतली एक मागणी. देखभालीचे कलम तर सर्वांत महत्त्वाचे. ताफ्यातली ७५ टक्के विमाने कायम उड्डाणाला तयार राहतील याची जबाबदारी विकणाऱ्याने घ्यायची, असे ते कलम. त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि ते मोजले की ‘प्रति विमान किंमत’ फुगलेली दिसते. ते काढून टाकले की विमान कागदावर स्वस्त होते, पण हँगरमध्ये उभे राहते.

हाच भागाकार पुढेही करून पाहावा. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलासाठी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा ६२,३७० कोटी रुपयांचा करार झाला, म्हणजे एकाला सुमारे ६४३ कोटी. डिसेंबर २०२४ मध्ये नाशिकजवळच्या ओझरच्या सरकारी विमान कारखान्याला १२ सुखोईंची मागणी मिळाली, रक्कम १३,५०० कोटी, म्हणजे एकाला १,१२५ कोटी. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-एम घेतली गेली, सुमारे ६३,००० कोटींना. तिथे भागाकार २,४०० कोटींच्या वर जातो. या तीन आकड्यांवरून तेजस राफेलच्या चौपट किफायतशीर ठरत नाही आणि नौदलाची फसवणूक झाली असेही सिद्ध होत नाही. एकात शस्त्रे धरलेली आहेत, दुसऱ्यात नाहीत. एकात प्रशिक्षणाची कृत्रिम यंत्रणा आहे, दुसऱ्यात ती आधीपासूनच होती. शिवाय राफेल-एमला विमानवाहू नौकेवर आदळत उतरायचे असते. त्यासाठी लागणारे भक्कम पाय तेजसला नाहीत आणि हवाई दलाच्या तेजसला त्यांची गरजही नाही.

मुळशीतला भातशेतीवाला पॉवर टिलर घ्यायला जातो तेव्हा दुकानातल्या पाटीवरची किंमत वाचून परतत नाही. डिझेल किती खातो, सुटा भाग पिरंगुटला मिळेल की पुण्याला खेपा घालाव्या लागतील, ऐन लावणीत बंद पडला तर मिस्त्री कधी येईल, हे तो आधी विचारतो. सरकारी खरेदीची पद्धत मात्र पाटीवरची किंमत वाचायलाच शिकली होती.

त्या पद्धतीला सगळे ‘एल-वन’ म्हणतात. तांत्रिक पात्रतेत जे बसले, त्यांच्यातला सर्वांत कमी बोली लावणारा तो एल-वन. पौड रस्त्याच्या डांबरीकरणापासून लढाऊ विमानापर्यंत नियम एकच. त्यात एक गुण आहे: निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यावर उद्या बोट ठेवता येत नाही. बोफोर्सनंतरच्या भारतात हा गुण फार मोठा ठरला. पण तांत्रिक परीक्षेत पास की नापास एवढेच पाहिले जात असल्याने, पंचाण्णव गुणांचे विमान आणि छत्तीस गुणांचे विमान पुढच्या खोलीत एकाच रांगेत बसते आणि तिथे फक्त पैसा बोलतो.

ऑगस्ट २००७ मध्ये १२६ मध्यम लढाऊ विमानांची निविदा निघाली तेव्हा हे सुधारण्याचा प्रयत्न झाला, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. सहा स्पर्धक होते: फ्रान्सचे राफेल, युरोपातल्या चार देशांचे टायफून, अमेरिकेची एफ-१६ आणि एफ-१८, स्वीडनचे ग्रिपेन आणि रशियाचे मिग-३५. लढाऊ विमानांच्या खरेदीत पहिल्यांदाच नुसत्या खरेदीच्या किमतीऐवजी चाळीस वर्षांचा एकूण खर्च मोजायचे ठरले: इंधन, देखभाल, मोठी दुरुस्ती, तंत्रज्ञान हस्तांतरण, सगळे धरून. १८ विमाने तयार यायची होती आणि उरलेली १०८ हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीत बनायची होती. चाचण्या बंगळूरच्या दमट हवेत, जैसलमेरच्या उन्हात आणि लेहच्या विरळ हवेत झाल्या. हवाई दलाने तपासायच्या मुद्द्यांची यादी सहाशेच्या वर गेली होती. त्या काळात हवाई दलप्रमुख होते नागपूरचे प्रदीप नाईक. एप्रिल २०११ मध्ये सहांपैकी चार बाद झाले, राफेल आणि टायफून उरले. नाईक जुलैअखेर निवृत्त झाले. ३१ जानेवारी २०१२ रोजी राफेल एल-वन ठरले.

आणि मग तीन वर्षे काहीच घडले नाही. म्हणजे बैठका झाल्या. हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनलेल्या १०८ विमानांची हमी दसॉने द्यावी असे भारताचे म्हणणे होते. दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याच्या कामगारांनी जोडलेल्या विमानाला आम्ही कसे जबाबदार, असे दसॉचे. एक विमान बनवायला फ्रान्समध्ये जितके मनुष्य-तास लागतात त्याच्या अडीच पटींहून अधिक भारतात लागणार, हे हिशेबात आले तेव्हा एल-वनचा सगळा आधारच डळमळला. पुढे २०१९ मध्ये कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला, त्यात तर गंमतच आहे. मार्च २०१५ मध्ये मंत्रालयाच्याच पथकाने निष्कर्ष काढला होता की दसॉ एल-वन नव्हतीच, आणि टायफूनची बोली निविदेच्या अटींत पूर्ण बसत नव्हती. तीन वर्षे ज्या नवरदेवाची वरात चालली होती त्याची पत्रिकाच चुकीची वाचली गेली होती. त्याच अहवालात हवाई दलालाही चिमटा आहे: गुणात्मक गरजांची यादी इतकी बारीकसारीक केली की कोणताच विक्रेता ती पूर्णपणे भागवू शकला नाही.

पर्रीकर नोव्हेंबर २०१४ मध्ये संरक्षणमंत्री झाले ते या गुंत्यात. आयआयटीतला धातुशास्त्राचा अभियंता, त्यात गोव्याचा, त्यामुळे बोलणे फटकळ. बीएमडब्ल्यू मलाही घ्यावीशी वाटते, पण मला ती परवडत नाही आणि तिची गरजही नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर २०१५ च्या जूनमध्ये छापून आले. १२६ राफेल परवडणार नाहीत, ३६ पुरतील, वाचलेला पैसा तेजसकडे वळवू, असा त्यांचा विचार होता. त्याआधीच, १० एप्रिलला पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ ची घोषणा केली होती.

या निर्णयावर त्यानंतर जे राजकारण झाले त्यात मला शिरायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये याचिका फेटाळल्या, कॅगने २०१९ मध्ये ३६ विमानांचा सौदा २००७ च्या देकाराशी तुलना करता २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडल्याचे सांगितले, पण अहवालातले रकमांचे आकडे मात्र झाकलेले होते. करदात्याला टक्केवारी कळली, रक्कम नाही. मला खटकते ती दुसरीच गोष्ट. १२६ विमानांची गरज आहे असे हवाई दल २००७ मध्ये म्हणत होते. पहिली पाच राफेल अंबाल्याला उतरली ती २९ जुलै २०२० रोजी, आणि आली एकूण ३६. त्या तेरा वर्षांत जुनी विमाने निवृत्त होतच राहिली. मंजूर संख्या ४२ स्क्वाड्रनची. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला शेवटच्या मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला तेव्हा हातात उरल्या २९. स्वस्तातले स्वस्त शोधण्यात गेलेल्या वर्षांची किंमत कोणत्याही निविदेच्या रकान्यात लिहिलेली नसते.

*

पुण्यात राहणाऱ्याला राफेलपेक्षा सुखोईचा आवाज ओळखीचा. लोहगावच्या धावपट्टीवर प्रवासी विमाने आणि सुखोई दोन्ही उतरतात. भारतातले पहिले सुखोई-३० विमान हवाई दलात दाखल झाले ते इथेच, १९९७ मध्ये. सुखोई-३० एमकेआय हा खास भारतासाठी घडवलेला प्रकारही सप्टेंबर २००२ मध्ये लोहगावलाच आला. २००६ मध्ये राष्ट्रपती कलाम आणि २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील याच तळावरून सुखोईत बसून आकाशात जाऊन आले.

सुखोईचा सौदा क्षमता आणि किंमत यांचा तोल साधण्याचा उत्तम नमुना मानला जातो, आणि बऱ्याच अंशी तो तसा आहेही. नोव्हेंबर १९९६ मध्ये ४० विमानांचा करार झाला तेव्हा भारताला हवे असलेले एमकेआय तयारच नव्हते. सांगाडा आणि इंजिन रशियाचे, काही उपकरणे फ्रान्सची आणि इस्रायलची, मुख्य संगणक भारताचा, अशी ती खिचडी होती. सोव्हिएत संघ नुकताच फुटला होता, रशियन कारखान्यांना गिऱ्हाईक हवे होते, आणि आपल्याला जड, लांब पल्ल्याचे, दोन इंजिनांचे विमान फ्रेंच किंवा अमेरिकी विमानाच्या मानाने स्वस्तात मिळत होते. डिसेंबर २००० मध्ये १४० विमाने नाशिकजवळच्या ओझरला बनवण्याचा करार झाला. पुढे मागण्या वाढत गेल्या आणि एकूण आकडा २७२ वर पोहोचला. त्यातली २२२ ओझरची.

खिचडीचा फायदा दोन दशकांनी कळला. २५ जून २०१६ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून सुखोई उडाले तेव्हा त्याच्या पोटाखाली अडीच टनांचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र होते. सांगाडा बळकट करण्याचे आणि संगणकाला नवे शस्त्र ओळखायला शिकवण्याचे काम इथल्या अभियंत्यांनी केले. विमानाच्या मेंदूचा काही भाग आपला होता म्हणून ते जमले. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी पाकिस्तानी हवाई तळांवर ब्रह्मोस सोडणारी विमाने ही. याउलट राफेलवर आपले क्षेपणास्त्र बसवायचे तर आजही दसॉच्या दारात जावे लागते, त्यांच्या सवडीने आणि त्यांच्या दराने. आपले शस्त्र आपणच बसवण्याची ही क्षमता चाचणीच्या वेळी लेहला मोजता येत नाही.

पण सुखोईचा दुसरा हिशेबही लोहगावलाच मांडायला हवा. स्वस्त घेतलेले हे विमान सांभाळायला महाग निघाले. २०१५ मध्ये कॅगने नोंदवले की सुखोईंची उड्डाणसज्जता ५५ ते ६० टक्क्यांत घुटमळते आहे. अपेक्षा ७५ टक्क्यांची होती. साधा अर्थ असा की शंभर विमानांचे पैसे मोजून सकाळी साठही हाताशी नव्हती. रशियातून सुटे भाग यायला महिने लागत, कधी कोणता भाग लागेल याचा अंदाज चुके, आणि दीर्घ मुदतीचे करार नव्हते. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी लोहगावचे एक सुखोई पुणे जिल्ह्यातच थेऊरजवळ कोसळले. दोन्ही वैमानिक वाचले. आसने आपोआप बाहेर फेकली गेल्याचे समोर आल्यावर देशभरातला सगळा सुखोई ताफा तपासणीसाठी जमिनीवर उभा केला गेला. एका आसनाच्या दोषाने हवाई दलाची तिसरा हिस्सा ताकद थांबली.

पर्रीकरांनी यात लक्ष घातले. दिल्लीत बसून सुट्या भागांच्या याद्या पाहणारे संरक्षणमंत्री फार झाले नसतील. सज्जतेचा आकडा साठीच्या पुढे सरकला. नवे विमान घेण्याइतकी त्याची बातमी होत नाही, पण २७२ च्या ताफ्यात दहा टक्के सज्जता वाढणे म्हणजे जवळजवळ दीड स्क्वाड्रन फुकट मिळणे.

मग सप्टेंबर २०२४ आला आणि सुखोईंसाठी २४० इंजिने घेण्याचा करार झाला, २६,००० कोटी रुपयांचा. म्हणजे एका इंजिनाला शंभर कोटींहून अधिक, आणि एका सुखोईला दोन इंजिने लागतात. विमान आधीच विकत घेतलेले. हा खर्च ते उडते ठेवण्याचा. मिराज-२००० ची गोष्ट याहून बोलकी. २०१३ मध्ये संसदेत सांगितले गेले की २००० साली घेतलेल्या मिराजची किंमत १३३ कोटी होती आणि त्याच विमानाच्या आधुनिकीकरणाला १६७ कोटी लागणार आहेत.

हे केवळ आपल्याच नशिबी आहे असे नाही. अमेरिकेच्या एफ-३५ चा ताफा जगात सर्वांत मोठा आणि पैशाला तोटा नाही, तरी मार्च २०२३ मध्ये मोहिमेसाठी सज्ज असलेल्या विमानांचे प्रमाण ५५ टक्के असल्याचे त्यांच्याच लेखापरीक्षकांनी लिहिले. स्वित्झर्लंडने तर विमान घ्यावे की नाही हे लोकांनाच विचारले. २०१४ मध्ये लोकांनी ग्रिपेन नाकारले. सप्टेंबर २०२० मध्ये सहाशे कोटी फ्रँकच्या खर्चाला जेमतेम ५०.१ टक्के होकार मिळाला. सरकारने ३६ एफ-३५ निवडली आणि किंमत पक्की आहे असे जनतेला सांगितले. २०२५ मध्ये अमेरिकेने कळवले की ‘पक्की’ शब्दाचा तुम्ही लावलेला अर्थ आम्हाला मान्य नाही, पासष्ट कोटी ते एकशे तीस कोटी फ्रँक जास्त पडतील. घड्याळे बनवणारा, पैशाच्या बाबतीत काटेकोर म्हणून प्रसिद्ध असलेला देश, आणि तोही फसला. मला यात थोडा दिलासा वाटला, हे कबूल करतो.

*

ओझरचा कारखाना सुखोईसाठी उभा राहिला नाही. तो मिग-२१ चा. ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. अमेरिकेने पाकिस्तानला ध्वनीहून दुप्पट वेगाची एफ-१०४ दिली होती आणि आपल्याला तोडीचे विमान हवे होते. पश्चिमेकडून मिळत असलेले महाग होते आणि बनवण्याचा परवाना कोणी सहजी देत नव्हते. सोव्हिएत संघ परवाना देत होता, भाव कमी लावत होता आणि रुपयांत पैसे घेत होता. डॉलरचा दुष्काळ असलेल्या देशासाठी शेवटचा मुद्दा विमानाच्या वेगाहून मोलाचा होता. करारानंतर काही आठवड्यांत चीनचे युद्ध झाले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. १९६४ मध्ये ओझरला कारखाना आला. नाशिककर त्याचे श्रेय चव्हाणांनाच देतात. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी विभागणी झाली.

ओझरने द्राक्षांच्या गावाला विमानांचे गाव केले, हजारो घरांना पगार दिला, फिटरांच्या दोन पिढ्या घडवल्या. पण साठ वर्षांत या कारखान्याने बनवलेली मिग-२१, मिग-२७ आणि सुखोई ही सगळी दुसऱ्याच्या नकाशावरून बनलेली. नकाशावर लिहिलेले असते की अमुक भोकाचा व्यास इतका. तो तितकाच का, हे लिहिलेले नसते. परवान्याने हात तयार होतात. विमान का उडते आणि कुठे अडते हे कळायला स्वतःचे विमान पाडावे लागते.

स्वस्त विमानाची एक किंमत माणसांतही मोजली गेली. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक दगावले. सप्टेंबर २००१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांचे वडील स्वतः वैमानिक. आईवडिलांनी मुलाच्या नावे संस्था काढून विमान सुरक्षेचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. या अपघातांचा दोष एकट्या मिगला देणे सोपे आहे. पण १९८२ मध्येच ला फाँतेन समितीने सांगितले होते की संथ प्रशिक्षण विमानावरून थेट मिगवर जाणाऱ्या तरुणांसाठी मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. बावीस वर्षे! दरवर्षी पैसे वाचत होते, असे कागद सांगत असतील.

इंजिनाचा प्रश्न तर त्याहून जुना. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला एचएफ-२४ मारुत हे विमान तयार झाले आणि जून १९६१ मध्ये उडाले. त्या काळी हे मोठे धाडस होते. आकार देखणा, हाताळायला उत्तम, पण इंजिन कमी ताकदीचे. मुळात ज्या जोरदार ऑर्फियस इंजिनाच्या भरवशावर ते आखले गेले, त्याच्या विकासाला ब्रिटिश कंपनीने पैसे मागितले आणि आपण ते दिले नाहीत. मग ध्वनीच्या वेगाला मागे टाकण्यासाठी आखलेले विमान त्या वेगापाशीच अडखळले. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्याने चांगली कामगिरी केली, १४७ बनली, आणि मग कारखान्यातला धागाच तुटला. त्या वेळी वाचवलेल्या पैशाचे आजच्या भावातले मोल काढायला कोणत्याही अर्थतज्ज्ञाची गरज नाही. तेजसकडे पाहिले तरी पुरे.

तेजससाठी देशी कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये ३८२.८१ कोटींना मंजूर झाला. इंजिन फिरले, चाचण्या झाल्या, पण लढाऊ विमानाला पुरेसा जोर त्याला देता आला नाही. राफेलच्या कराराबरोबर निम्म्या रकमेची कामे भारतात परत देण्याचे बंधन होते. नागपूरच्या मिहानमध्ये दसॉ आणि रिलायन्सचा कारखाना आला तो या बंधनातून. तिथे दसॉच्या व्यावसायिक जेट विमानांचे भाग बनू लागले. पण त्याच बंधनातला एक भाग कावेरीसाठी तांत्रिक मदतीचा असावा, अशी आपल्या संरक्षण संशोधन संस्थेची इच्छा होती. २०२० मध्ये कॅगने लिहिले की या मदतीची खात्री विक्रेत्याने तोवर दिलेलीच नव्हती. भाग बनवायला नागपूर, आज्ञावली लिहायला हिंजवडी आणि इंजिनाचे मर्म फ्रान्समध्येच. दसॉने करारात लबाडी केली असे मला वाटत नाही. लोक आपले मर्म विकत नसतात, आणि ३६ विमानांच्या गिऱ्हाइकाला तर नाहीच.

म्हणून तेजस अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४०४ इंजिनावर उडते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला आणि त्याच वर्षी ९९ इंजिनांचा, ७१.६ कोटी डॉलरचा. पहिले इंजिन कंपनीने सोपवले मार्च २०२५ मध्ये. मधल्या काळात बंगळूरला तयार सांगाडे इंजिनाची वाट पाहत उभे राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये एरो इंडिया प्रदर्शनात हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी हिंदुस्तान एरोनॉटिक्सवरचा आपला विश्वास उडत चालल्याचे कॅमेऱ्यासमोर ऐकवले, आणि कारखान्याने इंजिनाकडे बोट दाखवले. दोघांचेही खरे होते.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, ओझरच्या नव्या जुळणी मार्गावरचे पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. या कारखान्याच्या इतिहासातले नकाशाही देशी असलेले हे पहिले लढाऊ विमान. ओझरची क्षमता वर्षाला आठ विमानांची. महिन्याभराने, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या प्रदर्शनात हवाई दलाचे एक तेजस कोसळले आणि वैमानिक गेला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ९७ विमानांसाठी आणखी ११३ इंजिनांचा करार अमेरिकी कंपनीशी झाला होता, सुमारे शंभर कोटी डॉलरचा. ती इंजिने २०२७ ते २०३२ या काळात येणार आहेत. सांगाड्यांचे वेळापत्रक ओझर आणि बंगळूरने ठरवायचे, आणि त्यातले प्रत्येक विमान कधी उडेल ते मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्याने.